शीटला कुलूप, पण किल्ली कुणाकडे?

शिक्षक मित्रांनो, निकालाची एक्सेल शीट बनवणारे सर बदलून गेले आणि ऐन निकालाच्या तोंडावर कळलं की सूत्रांना पासवर्ड आहे. आता काय करायचं?

आधी हे समजून घ्या. 'प्रोटेक्ट शीट' म्हणजे तिजोरी नव्हे. चुकून सूत्र पुसलं जाऊ नये एवढ्यासाठीच ते आहे, आणि ते पासवर्डविनाही लागतं. मग पासवर्ड टाकायचाच कशाला? गुण भरायचे तेवढे सेल 'फॉरमॅट सेल्स'मध्ये जाऊन अनलॉक करा, बाकी शीट बिनपासवर्ड प्रोटेक्ट करा. झालं काम!

फाईल उघडतानाच पासवर्ड मागत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तो विसरला तर मायक्रोसॉफ्टही परत देऊ शकत नाही. म्हणून असा पासवर्ड मुख्याध्यापकांकडे बंद पाकिटात हवाच, आणि चार्ज यादीत त्याची नोंदही हवी. (टेबल-खुर्च्या मोजून घेतो ना आपण?)

आणि हो, कुलूप तोडून देतो म्हणणाऱ्या कुठल्याही फुकट वेबसाईटवर मुलांच्या आधार क्रमांकांसकट फाईल चढवू नका. सरांना सरळ फोन लावा. तेही आठवत नाही म्हणाले, तर दिसणारे गुण कॉपी करून नव्या शीटमध्ये घ्या नि सूत्रं पुन्हा टाका. दोन तास जातील, जाऊ द्या.