ज्वारीवर ज्वारी

गिरणीत ‘ज्वारीवरच ज्वारी दळा’ असं बजावणाऱ्या बाईंना गिरणीवाला चोखंदळ समजतो. पण घरात कुणाला सीलिअ‍ॅक असेल, तर प्रश्न चवीचा उरत नाही. गव्हातल्या ग्लुटेनमुळे या रुग्णांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. मग जुलाब, गोळ्या घेऊनही न हटणारा रक्तक्षय, मुलांची खुंटलेली उंची.

गव्हाचा हा दोष डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी ओळखला. दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्समध्ये पावाचा दुष्काळ पडला, तेव्हा आजारी मुलं सुधारली; पाव परतला, तशी पुन्हा खालावली. 1950 साली त्यांनी यावर प्रबंध लिहिला. आजही उपाय एकच, आयुष्यभराचं पथ्य.

भाकरी आणि भात खाणाऱ्यांना हे सोपं वाटेल. पण फोडणीतल्या डबीबंद हिंगात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो! त्याहून अवघड असते पंगत. ‘एका पुरणपोळीनं काय होतंय?’ हा आग्रह प्रेमाचाच, तरी पानावरून अवघडून उठायला लावणारा. मग काही जण कार्यांना जाणंच टाळतात. या एकटेपणाची नोंद कुठल्याच रिपोर्टात होत नाही, म्हणून या अंकात आम्ही त्याला अधिक जागा दिली आहे.

आणि वजन घटवायला गहू सोडणाऱ्यांना एक विनंती. सीलिअ‍ॅकची शंका असेल, तर आधी रक्ततपासणी करा. गहू बंद केल्यावर रक्तातली प्रतिपिंडं उतरतात आणि निदान हुकतं.