न फिरणारा पंखा आणि तपासणीचा मोबदला

चैत्राच्या उन्हाने डांबरी रस्ते मऊ पडू लागले की वातानुकूलनाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या गाड्यांची आपल्या कार्यशाळांच्या दारांत रीघ लागते, आणि मालकाच्या तोंडून ती तक्रार ‘एसी थंड करत नाही’ एवढ्याच मोघम शब्दांत निघत असल्यामुळे, गाडी उभी राहते न राहते तोच बॉनेट उघडून गॅसचे गेज लावण्याचा शिरस्ता पुष्कळ ठिकाणी पडून गेलेला आहे. वास्तविक यांपैकी कित्येक गाड्यांत गॅस पुरेसा असतो, कॉम्प्रेसर धडधाकट असतो, आणि बंद पडलेला असतो तो केवळ डॅशबोर्डच्या आत, डाव्या हाताला, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे बसलेला ब्लोअर. बहुतेक गाड्यांत ब्लोअर चालू असल्याचा इशारा मिळाल्यावाचून कॉम्प्रेसरचा क्लच ओढलाच जात नाही. त्यामुळे गेजचे दोन्ही काटे एकाच दाबावर स्वस्थ बसलेले दिसतात, आणि त्या स्वस्थपणावरून कॉम्प्रेसर निकामी झाल्याचा निकाल देऊन मोकळे होणारे महाभाग आपल्यात अगदीच दुर्मिळ नाहीत. जाळीवर हात धरून वारा येतो की नाही एवढे पाहण्याची तसदी प्रथम घेतली असती, तर पुढचा सारा खटाटोप वाचला असता.

पंख्याचे हे माहात्म्य आजचे नव्हे. अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९४० च्या आपल्या गाड्यांत यांत्रिक वातानुकूलन प्रथम देऊ केले, तेव्हा कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. गारवा कमीअधिक करावयाचा तर तो पंख्याच्या स्विचनेच, आणि समूळ बंद करावयाचा तर खाली उतरून कॉम्प्रेसरचा पट्टा काढून ठेवावा लागे. कॅडिलॅकने १९६४ साली इच्छित तापमान आपोआप राखणारी यंत्रणा आणली, आणि त्यानंतर नियंत्रणाची कला कितीतरी पुढे गेली. परंतु थंड कॉइलवरून हवा ढकलणारा तो पिंजऱ्यासारखा पंखा आणि त्यामागची मोटर यांच्यावाचून आजही कोणाचे काही चालत नाही.

असा पंखा फिरत नाही म्हणून गाडी आली असता आपण काय करतो, हा या लेखाचा विषय आहे. आमचे निरीक्षण असे की पुष्कळ जण फ्यूज पाहतात, तो शाबूत दिसला की मोटर मागवतात, मोटर बसवूनही पंखा न फिरल्यास रेझिस्टर मागवतात, त्यानंतर रिले, त्यानंतर स्विच, आणि अशा रीतीने मालकाच्या खर्चाने सगळे सुटे भाग संपले म्हणजे अर्थची तार सैल असल्याचे ध्यानात येते. याला तपास म्हणता येणार नाही.

मोटरला हात लावण्यापूर्वी स्विचच्या पायऱ्या क्रमाने फिरवून पाहाव्यात, कारण चार वेगांच्या साध्या यंत्रणेत पंखा कोणत्या पायरीवर फिरतो आणि कोणत्या पायरीवर फिरत नाही यातच अर्धा उलगडा असतो. केवळ चौथ्या पायरीवर फिरत असेल, तर रेझिस्टर अथवा त्यावरील उष्णतेने तुटणारा फ्यूज गेलेला आहे, कारण सर्वोच्च वेगाला विद्युत्प्रवाह रेझिस्टरला वळसा घालून जातो. उलट खालच्या तीन पायऱ्या ठीक असून चौथीच मुकी असेल, तर त्या थेट मार्गावरील स्विचचा संपर्क, तार किंवा जेथे स्वतंत्र रिले असतो तेथे तो रिले संशयास पात्र ठरतो. एकही पायरी काम करीत नसेल, तरच फ्यूज, मुख्य रिले, मोटर, स्विचचा सामाईक मार्ग आणि अर्थ यांच्याकडे वळावे.

येथे नवशिक्याला हमखास चकवणारी एक गोष्ट सविस्तर सांगणे अगत्याचे वाटते. आपल्याकडे चालणाऱ्या अनेक गाड्यांत, विशेषतः जपानी घडणीच्या, ब्लोअरचा स्विच धनभाराच्या बाजूस नसून अर्थच्या बाजूस असतो. म्हणजे चावी फिरवताच मोटरच्या एका टोकाला बॅटरीचा दाब येऊन उभा राहतो, आणि दुसरे टोक रेझिस्टर व स्विच यांच्या मार्गे अर्थला मिळाले की मोटर फिरते. आता हा मार्ग पुढे कोठेतरी तुटलेला असला आणि कपलर जोडलेलाच ठेवून मीटरचे काळे टोक बॉडीला धरून तपासणी केली, तर मोटरच्या दोन्ही तारांवर बारा व्होल्ट दिसतात. ‘दोन्हीकडे करंट येतोय, मग मोटर गेली,’ असे म्हणून गडी मोकळा होतो. वस्तुतः दोन्हीकडे सारखाच दाब असणे हा मोटर आतून अखंड असल्याचा आणि दोष तिच्या पलीकडे, अर्थच्या बाजूस असल्याचा पुरावा होय. म्हणून मीटर बॉडीला न धरता मोटरच्या दोन टोकांमध्येच, कपलर न काढता, मागच्या बाजूने पिना घालून धरावा. टोकांमध्ये बारा व्होल्ट असून मोटर स्तब्ध असेल तर दोष मोटरचा. शून्य असेल तर मोटर बहुधा निर्दोष आणि दोष मार्गाचा. या एका मोजणीने संशयाचे क्षेत्र निम्मे होते, आणि ज्या बाजूस संशय उरतो तीच बाजू पुन्हा मधोमध विभागून मोजत गेल्यास तुटीचे ठिकाण सापडण्यास फार वेळ लागत नाही. अर्थात स्विच कोणत्या बाजूस आहे हे आधी ठाऊक असले पाहिजे, आणि त्यासाठी वायरिंगचा नकाशा उघडला पाहिजे. नकाशा न पाहता काम करण्यात पुरुषार्थ मानण्याची आपल्यातली वहिवाट आता सोडावी हे बरे.

मीटरवरील श्रद्धेसंबंधीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. आजचा अंकीय मीटर दहा दशलक्ष ओहम रोधाचा असतो. तो तारेतून घेतो तो प्रवाह एका अँपिअरच्या दशलक्षांशाच्या आसपास, आणि एवढासा प्रवाह गंजलेल्या तारेच्या शिल्लक राहिलेल्या एकाच केसातूनही बिनबोभाट जातो. म्हणून कपलर काढून मोकळ्या तारेवर धरलेला मीटर ऐटीत बारा व्होल्ट दाखवतो, आणि तीच तार मोटरला जोडताच तिच्यातून काही निघत नाही. हेडलाइटचा जुना बल्ब, पंचावन्न वॅटच्या फिलामेंटला दोन तारा सोल्डर करून, हाताशी ठेवावा. तो साडेचार अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो, आणि तो लख्ख पेटला तर तार खरोखर भार वाहू शकते याची खात्री पटते. मात्र हा बल्ब स्वयंचलित यंत्रणेच्या इशाऱ्याच्या बारीक तारांना लावू नये. तेथे तो नियंत्रकाचा प्राण घेईल.

जर्मन शास्त्रज्ञ ओहम याने आपला सिद्धांत १८२७ साली ग्रंथरूपाने मांडला. त्याचे साधे गणित एकदा ब्लोअरच्या कपलरला लावून पाहावे. मोठ्या गाडीचा ब्लोअर सर्वोच्च वेगाला वीस अँपिअर घेतो असे धरले आणि कपलरच्या एका पिनेत केवळ एक दशांश ओहम रोध उत्पन्न झाला, तर तेथे दोन व्होल्ट गळतात आणि चाळीस वॅट उष्णता त्या नखाएवढ्या जागेत कोंडली जाते. असा कपलर उघडून पाहिला म्हणजे पांढऱ्या प्लॅस्टिकवर एकाच पिनेभोवती तपकिरी कडे पडलेले दिसते. पिनेचा पितळी रंग जाऊन ती निळसर काळी झालेली असते, तिचा दाब मरून ती नव्या रेझिस्टरच्या पात्यावर सैल बसते. अशा कपलरमध्ये नवा रेझिस्टर खोचून देणे म्हणजे काही महिन्यांनी तीच गाडी परत बोलावणे होय, आणि तेव्हा मालक दोष रेझिस्टरला नव्हे, आपल्याला देतो. हा प्रकार केवळ हलक्या गाड्यांत घडतो असेही नाही, बी.एम.डब्ल्यू. कंपनीला २०१७ साली अमेरिकेत २००६ ते २०११ या काळातील तीन-मालिकेच्या सुमारे पावणेसात लाख गाड्या, ब्लोअरच्या नियंत्रकाकडील तारा व जोडण्या तापून आग लागण्याच्या संभवापायी, परत बोलवाव्या लागल्या होत्या.

जळालेला भाग हा बहुधा अपराधी नसून बळी असतो, ही गोष्ट रेझिस्टरच्या बाबतीत विशेष खरी आहे. तो हवेच्या मार्गातच बसवलेला असतो तो हेतुपुरस्सर, वाऱ्याने थंड राहावा म्हणून. वारा मंदावला की तो तापतो आणि त्याचा फ्यूज तुटतो. केबिन फिल्टर धुळीने भरल्यामुळे मोटरवर ‘लोड’ येतो, असे सर्रास म्हटले जाते, ते बरोबर नाही. व्हॅक्यूम क्लीनरचे तोंड तळव्याने झाकले असता त्याचा सूर चढतो, म्हणजे हवा अडली की असल्या पंख्याला ढकलण्यास कमी हवा मिळून मोटरचा भार उलट हलका होतो. फिल्टरचा उपद्रव निराळ्या वाटेने होतो: रेझिस्टरला मिळणारा वारा तो हिरावून घेतो. मोटरवर खरा भार पडतो तो सुकलेल्या बुशाचा, आणि पिंजऱ्यात अडकलेल्या ऐवजाचा. पावसाळ्यात उंदरांनी आत नेऊन रचलेला पालापाचोळा, सुपारीच्या पुड्यांचे कागद, फेसाच्या सीटचे तुकडे असा मुद्देमाल पिंजऱ्यातून निघालेला आपल्यापैकी कोणी पाहिला नाही असे होणार नाही. काचेखालच्या जाळीतील पाण्याची वाट पानांनी तुंबली म्हणजे कोकणातल्या एका पावसाळ्यात पाणी थेट मोटरवर ठिबकून आर्मेचर गंजते आणि कार्बन चिकटून बसतात. अशी मोटर हातोडीच्या दांड्याने हळूच ठोकली की फिरू लागते, आणि ठोकून फिरलेली मोटर मालकाला परत देणारा इसम त्याच्या हवाली केवळ मुदतवाढ करीत असतो. रेझिस्टरवरील तुटलेला फ्यूज तारेचा तुकडा टाकून जोडणारे तर त्याहून पुढचे. त्या तापलेल्या गुंडाळीभोवती उंदराने आणलेली वाळली पाने असतात, याचे भान त्यांस नसावे.

स्वयंचलित यंत्रणेत रेझिस्टरच्या जागी ट्रान्झिस्टरचा नियंत्रक येतो आणि इशारा देणारी बारीक तार वेगळी तपासावी लागते. मोजणीचे तत्त्व तेच. एवढे मात्र ध्यानात असावे की काही गाड्यांत, इंजिनाचे पाणी थंड असेपर्यंत, उष्ण हवा मागितली असता पंखा मुद्दामच रोखून धरलेला असतो. नाशिककडे थंडीच्या पहाटे आलेली अशी फिर्याद पाणी तापेपर्यंत वाट पाहून निकालात काढावी.

आता मोबदल्याकडे येऊ, कारण आमच्या मते खरे दुखणे तेथे आहे. नकाशा पाहणे, ग्लोव्ह बॉक्स उतरवणे, पिना घालून मोजणे यांत जो वेळ जातो त्याला आपल्या बिलात जागाच नाही. ‘अहो, नुसतं बघायचे पैसे कसले?’ हा मालकाचा प्रश्न ऐकून आपण ओशाळतो आणि मग तो वेळ सुट्या भागाच्या किमतीत दडवून वसूल करतो; परिणामी ज्याने अर्थचा नट घासून घट्ट केला त्याला जवळजवळ काहीच मिळत नाही, आणि ज्याने चांगली मोटर काढून नवी बसवली त्याचे दुकान चालते. प्रामाणिक कारागिराला दंड आणि अंदाजपंचे काम करणाऱ्याला बक्षीस देणारा हा हिशेब आपणच घालून दिलेला आहे, मालकांनी नव्हे. तपासणीची रक्कम डॅशबोर्ड उघडण्यापूर्वी सांगावी, ती बिलात स्वतंत्र ओळीत लिहावी, आणि तिच्याखाली मोजणीचे आकडे नमूद करावेत: मोटरच्या टोकांमधील व्होल्ट, अर्थच्या बाजूची गळती, दुरुस्तीनंतरचा प्रवाह. प्रवाह मोजण्यासाठी एकदिश प्रवाह वाचणारा क्लॅम्प मीटर लागतो. घरगुती विजेचा स्वस्त क्लॅम्प येथे शून्य दाखवतो आणि घेणाऱ्याची फसगत होते. आकडे पाहिल्यावर घासाघीस करणारा मालक विरळा, आणि एखाद्याने केलीच तर त्याला काढलेला कपलर दाखवावा.

राहता राहिली ‘डायरेक्ट’ केलेली गाडी. बॅटरीवरून सरळ तार ओढून, डॅशखाली टॉगल स्विच ठोकून पंखा फिरता केलेली गाडी उन्हाळ्यात एखादी तरी आपल्याकडे येतेच. ती तार काढून मूळ मार्ग दुरुस्त करावा, हे उघड आहे. मालकाने नकार दिला, तर निदान बॅटरीपासून वीतभर अंतरात तारेच्या जाडीला साजेसा फ्यूज घातल्याशिवाय गाडी बाहेर सोडू नये, स्विच त्या प्रवाहाचा नसेल तर मध्ये रिले घालावा, आणि मालकाने दुरुस्ती नाकारल्याचे बिलावर लिहून त्यावर त्याची सही घ्यावी.