आठांचा संसार

सातासमुद्रापार

विमान यायच्या आधी फुनाफुतीत भोंगा वाजतो. अग्निशमन दलाची गाडी धावपट्टीवरून फेरी मारते, कुत्री हुसकली जातात, पोरं चेंडू काखेत मारून कडेला होतात, दुचाकीवाले पाय टेकून थांबतात. फिजीतल्या सुवाहून आलेलं विमान माणसं आणि सामान उतरवतं, नवी माणसं घेतं आणि निघून जातं. मग धावपट्टी पुन्हा गावाची होते. संध्याकाळी तिथे व्हॉलीबॉलची जाळी लागते, रग्बी रंगते. उकाड्याच्या रात्री घरात जीव नकोसा झाला की माणसं चटई-उशी घेऊन धावपट्टीवर येऊन पडतात, कारण बेटावर एवढी मोकळी, वाऱ्याची जागा दुसरी नाही.

ही पट्टी अमेरिकी नौदलाने १९४३ मध्ये बांधली, जपानशी लढण्यासाठी. भरावासाठी बेटाचंच प्रवाळ उकरून काढलं आणि युद्ध संपल्यावर खड्डे तसेच मागे राहिले. त्यांत मचूळ पाणी साचलं, कचरा पडला, कडेला झोपड्या उभ्या राहिल्या. ते बुजायला २०१५ साल उजाडावं लागलं, म्हणजे सत्तर वर्षं. दुसऱ्यांच्या भांडणाची किंमत या देशाने मोजली त्याचा हा पहिला पुरावा नव्हे आणि शेवटचाही नाही.

देशाचं नाव तुवालू. हवामान परिषदेचा हंगाम आला की वर्षातून एकदा हे नाव वर्तमानपत्रांत येतं, ‘बुडता देश’ असं बिरुद लावून. गुडघाभर पाण्यात सूट-टाय घालून भाषण करणारे मंत्री सायमन कोफे यांचं २०२१ मधलं चित्र अनेकांना आठवत असेल. ते चित्र प्रभावी होतं यात शंका नाही. पण त्या एका चित्रापलीकडे तुवालूत काय आहे हे विचारायला फारसं कुणी थांबत नाही. तिथे निवडणुका होतात, सरकारं पडतात, पगार वाटले जातात, परदेशांशी घासाघीस चालते. मरणशय्येवरच्या माणसाशी जसं सगळे हळू आवाजात बोलतात, तसं जग या देशाशी बोलतं. आणि आपल्या उद्याच्या हिशेबात मात्र त्याला धरत नाही.

तुवालूची जमीन अवघी २६ चौरस किलोमीटर, लोकवस्ती साधारण साडेदहा हजार. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या ग्रामपंचायतीएवढी. पण ही जमीन नऊ बेटांत विखुरलेली आहे आणि त्यांच्याभोवतीचं हक्काचं सागरी क्षेत्र सात लाख चौरस किलोमीटरच्या वर जातं. ‘तुवालू’चा अर्थ ‘एकत्र उभे असलेले आठ’. नववं बेट निउलाकिता इतकं लहान की तिथे कायमची वस्ती नव्हती. १९४९ मध्ये निउताओ बेटावरची माणसं तिथे नेऊन वसवली. झेंड्यावर तारे नऊ आहेत, नाव मात्र आठांचंच राहिलं. राजधानी फुनाफुती, आणि तिचं मुख्य बेट फोंगाफाले म्हणजे बारा किलोमीटर लांबीची एक वाकडी फीत. सर्वांत रुंद जागी ती चारशे मीटर भरते, आणि काही ठिकाणी तर रस्त्याच्या एका अंगाला उघडा महासागर आणि दुसऱ्या अंगाला शांत सरोवर असतं. देशाची निम्म्याहून जास्त वस्ती याच फितीवर दाटली आहे.

ही बेटं तयार कशी झाली, हा प्रश्न एके काळी विज्ञानाच्या जगात गाजला होता. चार्ल्स डार्विनचं म्हणणं होतं की ज्वालामुखीचं बेट हळूहळू खचत जातं, भोवतालचं प्रवाळ वरवर वाढत राहतं आणि शेवटी फक्त प्रवाळाचं कडं उरतं. हे तपासायला लंडनच्या रॉयल सोसायटीने १८९६ ते १८९८ या काळात फुनाफुतीत भोक पाडायला माणसं पाठवली. अकराशे फुटांहून खोल गेल्यावरही हाती प्रवाळच लागत होतं, मूळ खडक आलाच नाही. डार्विनच्या बाजूला मोठं वजन पडलं. ती जागा आजही ‘डार्विनचं ड्रिल’ म्हणून दाखवतात.

प्रवाळाच्या जमिनीत पाऊस झिरपतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा एक पातळ थर तरंगत राहतो. त्या थरापर्यंत माणसांनी खड्डे खणले आणि त्यांत पुलाका लावला. पुलाका हा अळूच्या कुळातला, पण माणसापेक्षा उंच पानं काढणारा दांडगा कंद. खड्ड्यात उतरून प्रत्येक रोपाभोवती पाल्याचं खत घालायचं, ते पानांच्या विणलेल्या कड्यात धरून ठेवायचं आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. मोठा कंद ही घराण्याची प्रतिष्ठा. भरतीचं खारं पाणी जमिनीखालून वर आलं की पानं पिवळी पडतात, कंद कुजतो. समुद्र इथे लाटेसारखा दारावर येण्याआधी असा तळातून येतो. २०११ मध्ये पाऊस इतका लांबला की सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली, पाणी मोजून वाटावं लागलं, आणि खारं पाणी गोडं करणारी यंत्रं बाहेरून विमानाने आणावी लागली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी ‘बुडता देश’वाल्यांना अडचणीची वाटते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तुवालूच्या १०१ लहान-मोठ्या बेटांची १९७१ पासूनची हवाई आणि उपग्रह छायाचित्रं तपासली गेली. चार दशकांत देशाची एकूण जमीन २.९ टक्क्यांनी वाढली होती. वादळं प्रवाळाचा चुरा किनाऱ्यावर आणून टाकतात. १९७२ च्या बीबी वादळाने तर फुनाफुतीच्या कडेला एका रात्रीत कित्येक किलोमीटर लांबीचा दगडगोट्यांचा बांध घातला होता. हवामान बदल नाकारणाऱ्यांनी या आकड्यावर उड्या मारल्या, तो त्यांचा अडाणीपणा. जमीन वाढणं आणि ती राहण्याजोगी असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. सरकलेली वाळू विहिरीत गोडं पाणी आणत नाही, पुलाका वाचवत नाही. पण दुसऱ्या बाजूनेही हे मान्य करायला हवं की बेट म्हणजे बादलीत ठेवलेली वीट नव्हे. पाणी किती चढलं हे पाहून ती कधी बुडेल याचं सोपं गणित मांडता येत नाही. बेट हलतं, वाढतं, झिजतं. तिथे काय बांधायचं, कुठे बांधायचं हे ठरवायला वेळ आहे, आणि तो वेळ वापरायला पैसा लागतो.

माणसं मुळातली पॉलिनेशियन. नुई बेटावर मात्र शेजारच्या किरिबासची बोली चालते. १८६१ मध्ये कुक बेटांतला एलेकाना नावाचा धर्मसेवक वादळात भरकटून कित्येक आठवड्यांनी नुकुलाएलाएला लागला आणि त्याने ख्रिस्ती धर्म रुजवला. दोनच वर्षांनी, १८६३ मध्ये, पेरूहून मजूर पकडणारी जहाजं आली. नुकुलाएलाए आणि फुनाफुती या दोन बेटांवरून त्यांनी मिळून चारशेच्या आसपास माणसं नेली. नुकुलाएलाएवर मागे मूठभरच उरले.

पुढे इंग्रज आले. त्यांनी तुवालूची, म्हणजे तेव्हाच्या एलिस बेटांची, किरिबासच्या तेव्हाच्या गिल्बर्ट बेटांशी मोट बांधली. भाषा वेगळी, वंश वेगळा, आणि संख्येने एलिसवाले थोडे. स्वातंत्र्याची चाहूल लागताच त्यांनी वेगळं व्हायचं ठरवलं. १९७४ च्या सार्वमतात ३,७९९ मतं वेगळं होण्याच्या बाजूने आणि २९३ विरुद्ध पडली. इंग्रजांची अट कडक होती : वेगळे व्हा, पण फॉस्फेटच्या खाणीतून वसाहतीने साठवलेल्या पैशात वाटा मागायचा नाही. वाटणीत एक जहाज मिळालं. तेवढ्या भांडवलावर १ ऑक्टोबर १९७८ ला तुवालू स्वतंत्र झाला. अडाणी किंवा असहाय माणसं असा सौदा करत नाहीत.

राज्यकारभार छोटा, पण खोटा नाही. संसदेत सोळा सदस्य, आठ बेटांचे प्रत्येकी दोन. राजकीय पक्ष नाहीत. निवडून आलेले सदस्य आपसांत बोलून पंतप्रधान ठरवतात. राष्ट्रप्रमुख आजही इंग्लंडचा राजा. १९८६ आणि २००८ अशा दोन्ही सार्वमतांत लोकांनी प्रजासत्ताक नाकारलं. प्रत्येक बेटाचा रोजचा कारभार ‘फालेकौपुले’ ही थोरामोठ्यांची पारंपरिक सभा पाहते. १९९७ च्या कायद्याने तिला अधिकार आणि निधी दिला.

पक्ष नाहीत म्हणून राजकारण नाही असं मात्र नव्हे. २०१३ मध्ये पंतप्रधान विली तेलावी यांचं बहुमत गेलं, तर ते अधिवेशनच बोलवेनात. वर्षातून एकदा संसद भरली की झालं, असा त्यांचा घटनेचा अर्थ. गव्हर्नर जनरल इताएली यांनी अधिवेशन बोलावलं, तेव्हा तेलावींनी थेट राणीला पत्र लिहून त्यांनाच हटवायची मागणी केली. शेवटी १ ऑगस्टला तेलावीच हटवले गेले आणि एनेले सोपोआगा पंतप्रधान झाले. राज्यपाल आणि बहुमत चाचणीच्या बातम्यांवर वाढलेल्या मराठी वाचकाला हा खेळ नवा नाही. जानेवारी २०२४ च्या निवडणुकीनंतर तर वेगळीच पंचाईत झाली. समुद्र खवळलेला, बाहेरच्या बेटांवरून सदस्यांना आणणाऱ्या बोटी निघेनात. नवे पंतप्रधान फेलेती तेओ यांची निवड महिनाभर लांबली. त्या संसदेत एकही स्त्री नाही. स्वातंत्र्यापासून आजवर मोजून तीन स्त्रिया सभागृहात पोहोचल्या. ‘बिचारा देश’ म्हणून सहानुभूती दाखवणारे हे कधी विचारत नाहीत, कारण बिचाऱ्याला कुणी जाब विचारत नाही.

आता पोटापाण्याचं. विकायला काही नसलेल्या देशाने काय काय विकलं हे पाहण्यासारखं आहे. आधी टपाल तिकिटं : ज्या देशात रूळ नाही, त्याने आगगाड्यांच्या इंजिनांची चित्रं असलेली तिकिटं जगभरच्या संग्राहकांना विकली. मग तरुणांना प्रशिक्षण देऊन मालवाहू जहाजांवर खलाशी म्हणून पाठवलं. १९८७ मध्ये ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटन यांच्याकडून देणग्या घेऊन विश्वस्त निधी उभारला. त्याचा नियम कुठल्याही काटकसरी आजीला पटेल : महागाई वजा जाता मुद्दल शाबूत राहायला हवं, वरचं वाढेल तेवढंच खर्चायचं. समुद्रातला टूना धरायला बोटी नाहीत, तर आणखी सात देशांशी एकी करून परदेशी बोटींना दिवसाच्या हिशेबाने परवाने विकायला सुरुवात केली. एका दिवसाचा किमान भाव आठ हजार डॉलर. एकेकट्याने बोलणी केली असती, तर हा भाव मिळाला नसता.

आणि इंटरनेटवर प्रत्येक देशाला दोन अक्षरं वाटली गेली, तेव्हा तुवालूच्या वाट्याला ‘टीव्ही’ आलं. २००० मध्ये या अक्षरांच्या वापराचा बारा वर्षांचा, ५ कोटी डॉलरचा करार झाला. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला तुवालू संयुक्त राष्ट्रांचा १८९ वा सदस्य झाला. सभासदत्वाचा खर्च आता परवडण्याजोगा होता.

याच धूर्तपणाने हा देश आज आपल्या अस्तित्वाची वकिली करतो आहे. २०२३ मध्ये त्याने घटना बदलून लिहिलं की जमिनीचं काहीही होवो, राष्ट्र कायम राहील आणि सागरी सीमाही. मासळीचं उत्पन्न त्या सीमांवर उभं आहे, म्हणून हा केवळ भावनेचा प्रश्न नव्हता. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही आपल्या सल्लागार मतात म्हटलं की राष्ट्राचा एखादा घटक नाहीसा झाला म्हणून राष्ट्रत्व जातंच असं नाही.

मात्र सर्वांत मोठा आणि सर्वांत अवघड सौदा ऑस्ट्रेलियाशी झाला. त्याचं नाव ‘फालेपिली’, म्हणजे लगतच्या घरांनी पाळायचा शेजारधर्म. २०२३ मध्ये सही झाली, ऑगस्ट २०२४ पासून तो लागू आहे. दर वर्षी २८० तुवालूवासीयांना सोडत काढून ऑस्ट्रेलियात कायम राहायचा परवाना. नोकरीची अट नाही, परत येण्यावर बंदी नाही. बदल्यात तुवालूने इतर कुठल्याही देशाशी संरक्षणविषयक करार करायचा तर ऑस्ट्रेलियाची संमती हवी. सोपोआगांनी याला सार्वभौमत्व गहाण टाकणं म्हटलं. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. शेजारधर्माच्या गप्पा मारणारा हा शेजारी जगातल्या बड्या कोळसा आणि वायू निर्यातदारांपैकी एक आहे, हेही विसरून चालणार नाही. तरीही करारातलं दुतर्फी दार ही त्याची जमेची बाजू. गेलेला माणूस निर्वासित ठरत नाही.

काळजी वेगळीच आहे. २८० म्हणजे दर वर्षी लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांहून जास्त. २०२५ च्या पहिल्याच सोडतीत कुटुंबीय धरून ८,७५० जणांची नोंदणी झाली, म्हणजे देशातल्या पाचांपैकी चौघांची. नर्स, शिक्षक, बोटीवरचा इंजिनिअर यांची नावं त्यात निघाली, तर मागे दवाखाना, शाळा, बोट कोण चालवणार? समुद्राला जे करायला पन्नास-शंभर वर्षं लागतील, ते ही सोडत त्याआधीच करू शकते. म्हणून परदेशी मदतीचा मोठा वाटा राहणाऱ्यांच्या पगाराला, शाळेला, पाण्याच्या टाक्यांना जायला हवा. लोक जाणारच आहेत असं गृहीत धरून दिलेली मदत लोकांना घालवतेच.

तुवालूचं सरकार निदान तसं गृहीत धरत नाही. फुनाफुतीच्या सरोवरातली वाळू उपसून त्याने फोंगाफालेच्या कडेला सात हेक्टरांहून जास्त नवी, उंच जमीन तयार केली आहे. आणि सोडतीची नोंदणी उघडण्याच्या दोन महिने आधी, एप्रिल २०२५ मध्ये, तोवर सगळे व्यवहार रोखीने करणाऱ्या या देशात पहिली एटीएम यंत्रं बसली. उद्घाटनाला पंतप्रधान तेओ स्वतः हजर होते.

— दर्यावर्दी