गृहयंत्रविचार : आधीं टेकू, मग बोल्ट

गेल्या वैशाखांत गोंदिया जिल्ह्यांतील दवनीवाडा या गांवीं एका स्नेह्यांच्या घरीं चार दिवस राहण्याचा योग आम्हांस आला. घरापुढें अंगण, अंगणांत कडुलिंब, आणि त्याच्या सावलींत उभी असलेली एक जुनी मारुती ८००. ही मोटार १९८३ च्या डिसेंबरांत प्रथम रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारींत तिची निर्मिति थांबली. परंतु कित्येक घरांत ती अद्याप कुटुंबांतील माणसाप्रमाणें नांदत आहे. स्नेह्यांचे चिरंजीव कॉलेजांतून सुटीस आले होते. गाडी उभ्या उभ्या थरथरते, क्लच सोडतांना गचका बसतो, यावरून इंजिनाचें माउंटिंग गेलें असावें असें त्यांनीं ताडलें; आणि तें बरोबरच होतें. गोंदियास गाडी नेण्यापेक्षां तें घरींच बदलावें, असा त्यांचा बेत ठरला.

दुसरे दिवशीं सकाळीं त्यांनीं दोन विटा मांडून त्यांवर जॅक ठेवला व गाडीचें तोंड उचललें. दुसरा जॅक इंजिनाखालीं लावला आणि स्वतः पाठीवर पडून आंत सरकले. ओटीवर त्यांचे आजोबा सुपारी कातरीत बसले होते. यंत्रविद्येशीं त्यांचा संबंध नाहीं, तरी त्यांनीं विचारलें, “अरे, टेकू कोठें आहे?”

“जॅक आहे ना, आजोबा.”

“तो उचलावयाचा झाला. धरावयाचा कोण?”

चिरंजीव हंसले. इतक्यांत मातोश्रींनीं पानें वाढल्याची हांक दिली, म्हणून ते हात धुऊन आंत आले. आमटी-भात संपतो न संपतो तोंच अंगणांतून धप्प असा आवाज आला. जाऊन पाहतों तों वीट मधोमध फुटलेली, जॅक कलंडलेला व गाडी खालीं आलेली. ज्या जागीं चिरंजीव घटकेपूर्वीं निजले होते, तेथें आतां वीतभरहि जागा उरली नव्हती. मातोश्री दारांतच खालीं बसल्या. बराच वेळ कोणी कांहीं बोललें नाहीं.

या प्रसंगीं आजोबांना जें सुचलें तें पुस्तकांतून आलेलें नव्हतें. मागें घराच्या मधल्या खांबास वाळवी लागली होती. तो बदलतांना सुतारानें प्रथम तुळईखालीं दोन बाजूंनीं दोन टेकू ठोकले, भार त्यांवर आल्याची खात्री केली, आणि मगच खांबास हात लावला. मोटारीच्या इंजिनाचा न्याय याहून निराळा नाहीं.

इंजिन हें गाडीच्या सांगाड्यास घट्ट जखडलेलें नसतें. लोखंडाच्या पट्ट्यांत बसविलेल्या रबराच्या गाद्यांवर तें तीन-चार जागीं टेकलेलें असतें. याच गाद्यांस माउंटिंग म्हणतात. मारुती ८०० चें इंजिन तीन सिलिंडरांचें, म्हणून जात्याच थोडें डुलणारें. तें डुलणें या गाद्या गिळून टाकतात. उष्णतेनें व तेलानें रबर फाटलें कीं थरथर सांगाड्यांत उतरते. एक गादी काढली कीं तिचा भार उरलेल्यांवर पडतो, इंजिन कलतें, आणि पाण्याच्या नळ्या, तारा व धुराचा नळ ताणले जातात. गीअरपेटीसह हें इंजिन धानाच्या भरल्या पोत्याहून जड असतें, हें विसरतां कामा नये.

आतां जॅकविषयीं. द्रवाच्या दाबानें अल्प बळांत मोठा भार उचलण्याची युक्ति जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिरानें १७९५ मध्यें आपल्या दाबयंत्रासाठीं पेटंट करून घेतली. तेलाचा जॅक त्याच तत्त्वावर चालतो. परंतु उचललेला भार त्यांत केवळ कोंडलेल्या तेलावर आणि तें कोंडणाऱ्या झडपा-वायसरांवर उभा असतो. एखादा वायसर झिजला कीं भार नकळत खालीं उतरूं लागतो. म्हणून गाडी जॅकनें उचलावी आणि लगेच लोखंडी घोड्यांवर टेकवावी. घोड्या सांगाड्याच्या मजबूत भागाखालीं याव्यात, पत्र्याखालीं नव्हेत. विटेचा टेकू कधींहि देऊं नये. एका बिंदूवर भार आला कीं ती पूर्वसूचनेवांचून फुटते. अंगण मातीचें असेल तर घोडीखालीं जाड फळी घालावी, आणि जमीन ओली असतांना हें काम काढूंच नये. जीं चाकें जमिनीवर राहतील त्यांस दोन्ही बाजूंनीं ठोकळे लावावे.

इंजिनास टेकू देण्याचे मार्ग दोन. पहिला वरून : इंजिनाच्या खोबणीवर आडवी दांडी टाकून तिच्या आंकड्यांनीं इंजिन त्याच्या उचलण्याच्या कड्यांतून तोलून धरणें. दांडीचे पाय मडगार्डच्या आंतील मजबूत कडेवर बसावे, वरच्या पातळ पत्र्यावर नव्हे. झाडाच्या फांदीस चेनपुली बांधण्याची रीत आपल्याकडे आहे. परंतु फांदी कधीं मोडेल हें ती सांगत नाहीं, आणि कौलारू घराचें आढें केवळ कौलांच्या भाराकरितां असतें. दुसरा मार्ग खालून : जॅकवर रुंद लांकडी ठोकळा ठेवून इंजिन अलगद तोलणें. उघडा जॅक तेलाच्या चेंबरास लावूं नये. पत्र्याचें चेंबर चेपतें, आंतील तेल ओढणारी जाळी तळाशीं दाबली जाते, आणि पुढें इंजिन तेलावांचून जळतें. ॲल्युमिनियमचें चेंबर तर तडकतें. आमच्या स्नेह्यांच्या गाडीचें चेंबर त्या दिवशीं असेंच चेपलें.

काम इंजिन निवल्यावर करावें व बॅटरीची ऋण तार आधीं सोडावी. टेकूवर भार आला किंवा नाहीं, हें बोल्टच सांगतो. नट ढिला केल्यावर बोल्ट हातानें सहज निघूं लागला, तर भार टेकूनें घेतला असें समजावें. तो अडत असेल तर इंजिन थोडें वर तरी आहे किंवा खालीं तरी. तेथें हातोडी न चालवितां जॅक केंसभर हलवावा. नवें माउंटिंग बसवितांना सर्व बोल्ट प्रथम हातानें लावावे, इंजिन आपल्या जागीं बसूं द्यावें, मग पान्यानें आवळावे, आणि टेकू सर्वांच्या शेवटीं काढावा.

दोन दिवसांनीं गांवांतील एका जाणत्या कारागिरास मदतीस घेऊन चिरंजीवांनीं हें सर्व याच क्रमानें केलें. चेंबर उतरवून सरळ करून घेतलें, नवें माउंटिंग बसविलें, आणि गाडीची थरथर गेली. घोड्या लावून झाल्यावर ते आपण होऊन ओटीपाशीं गेले व म्हणाले, “आजोबा, टेकू पाहून घ्या.” आजोबा काठी टेकीत उठले, वांकून चारी बाजूंनीं पाहून आले आणि म्हणाले, “आतां जा आंत.”

आमच्या वाचकांच्या घरींहि अशी हौशी मंडळी असेल. त्यांचा उत्साह मोडूं नये. हातानें केलेल्या कामासारखें शिक्षण नाहीं. मात्र कोणी गाडीखालीं शिरूं लागला कीं घरांतील कोणींहि, मातोश्रींनीं वा धाकट्या बहिणीनें, आजोबांचा तो एकच प्रश्न विचारावा. तो विचारण्यास यंत्रज्ञान लागत नाहीं. आणि त्याचें उत्तर डोळ्यांनीं दिसल्यावांचून त्यास आंत जाऊं देऊं नये.