कॅप्टन दीप, एकदा तरी हर!

भोसरी-चाकण पीएमपीत शेजारचा ट्रेनी रील्स बघत होता. मी गुरुनाथ नाईकांच्या जुन्या ‘कॅप्टन दीप’मध्ये इतकी बुडाले, की स्टॉपच चुकला!

नाईकांनी १२०० हून जास्त रहस्यकथा लिहिल्या. छोटी वाक्यं, सुरुवातीलाच धोका. वाचनाचा कंटाळा असणाऱ्यालाही ओढून नेतात. पण या वेगाची किंमत आहेच. नायक हरत नाही, शत्रूला चेहरा नसतो, बाई बरेचदा मोहाचा सापळा. चौथ्या पुस्तकात शेवट आधीच कळतो.

तरी ‘हलकं साहित्य’ म्हणून नाक मुरडू नका. कॉलेजच्या लायब्ररीत ही पुस्तकं हवीतच. आणि आपल्यापैकी कुणीतरी आजचा हेर लिहावा: चाकणच्या प्लांटमधून डिझाइन चोरीला जातंय, आणि नायक चक्क चुकतोय.