शुश्रूषा शिकणाऱ्या नातीची शुश्रूषा

घरात परिचर्येचे शिक्षण घेणारी नात असली की ज्येष्ठांना मोठा आधार वाटतो. रक्तदाब मोजणे, गोळ्यांच्या वेळा सांभाळणे हे सारे तिच्याकडे येते. तिच्याकडे मात्र कोण पाहते? पहाटेची बदलापूर लोकल, मुंबईच्या रुग्णालयातील पाळी, डोळ्यांदेखत झालेला रुग्णाचा मृत्यू आणि रात्रीचा अभ्यास. अशा ताणात झोप उडते आणि ‘आजच्यापुरती’ घेतलेली झोपेची गोळी सवयीची होते. औषधांचे ज्ञान आपल्याला व्यसनापासून वाचवील, हा तर घातक भ्रम.

अल्प्राझोलामसारख्या गोळीवर शरीर काही आठवड्यांतच विसंबू लागते. मद्यासोबत ती घेतल्यास श्वास मंदावतो. दीर्घकाळ घेऊन एकाएकी सोडल्यास झटके येऊ शकतात. म्हणून रागावून गोळ्या हिसकावू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करावी. आपल्या स्वतःच्या झोपेच्या गोळ्या मात्र मोजून, कुलपात ठेवाव्यात.

उदासी दोन आठवडे टिकली, भूक-झोप बिघडली, कशातच मन रमेनासे झाले, तर तो आळस नव्हे. ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. ‘जीव नकोसा वाटतो का?’ असे मायेने, पण स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उत्तर होकारार्थी आल्यास तिला एकटी सोडू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र, विनामूल्य उपलब्ध आहे. व्यसनासाठी १४४४६ आहे. पुण्याचे मुक्तांगणही १९८६ पासून हे काम करीत आहे. दोन्ही क्रमांक आजच दूरध्वनीजवळ लिहून ठेवा.