पाचवीला पुजलेली

इंग्रजी ही आमच्या पिढीच्या पाचवीला पुजलेली होती. अगदी शब्दशः. चौथीपर्यंत पोरगं मराठीतच पास-नापास व्हायचं आणि पाचवीत गेलं की एबीसीडी दारात उभी राहायची. २००० सालापासून महाराष्ट्र सरकारने तिला पहिलीच्या वर्गात आणून बसवलं. कपाळावर नशीब लिहिणारी सटवाईसुद्धा पोर जन्मल्यावर पाच दिवस दम धरते म्हणतात. सरकारला तेवढाही धीर निघाला नाही.

माझं भांडण इंग्रजीशी नाही. बँकेतल्या कारकुनाने इंग्रजीशी भांडणं म्हणजे भटाने दर्भाशी भांडणं. बालवाडीतसुद्धा शिकवा, माझी ना नाही. माझं भांडण आहे ते शिकवण्याच्या तऱ्हेशी.

आमची कन्या दुसरीत आहे. शाळेचं नाव सांगत नाही. मला तिथे अजून आठ वर्षं फी भरायची आहे. परवा तिच्या दप्तरातून एक छापील कागद निघाला. वरच्या अर्ध्या भागात क्रियापदांचा तक्ता : गो, वेंट, गॉन. खालच्या अर्ध्या भागात ‘गोंधळात पाडणारे शब्द’ : योग्य शब्दाला गोल करा. देअर की देअर? सन की सन? नो की नो? मराठीत लिहिताना या जोड्या तंतोतंत सारख्या दिसतात आणि कानाला इंग्रजीतही त्या तशाच लागतात. फरक काय तो स्पेलिंगात. एक ‘सन’ म्हणजे सूर्य, दुसरा म्हणजे मुलगा. एक ‘फ्लॉवर’ म्हणजे फूल, दुसरा म्हणजे पीठ. कन्येने गोल केला त्याप्रमाणे आमच्या घरी तिची आई रोज सकाळी फूल भिजवते आणि त्याच्या पोळ्या लाटते. बाईंनी लाल शाईने फुली मारली होती.

आता विचार करा, हा गोंधळ होतो कुणाचा? लंडनच्या पोराचा. ते दीड-दोन वर्षांचं असल्यापासून दोन्ही ‘देअर’ हजारदा ऐकतं, बोलतं. बोलताना त्याची कधी चूक होत नाही. शाळेत जाऊन लिहायला बसलं की हात चुकतो, म्हणून त्याच्यासाठी हा कागद काढलेला. तो त्याच्या दुखण्यावरचा उपाय आहे. आमच्या पोरीने दोन्हींपैकी एकही ‘देअर’ जन्मात ऐकलेला नाही. तिला दुखणंच नाही. मग आम्ही काय करतो? आधी दुखणं टोचतो आणि मग त्यावर औषध देतो. खातं उघडायच्या आत ओव्हरड्राफ्टची नोटीस पाठवण्यातला हा प्रकार आहे.

बरं, दोन अनोळखी जुळ्या भावांची एकाच दिवशी ओळख करून दिली, तर कोणता रामा आणि कोणता शामा हे जन्मभर कळत नाही. आधी रामाशी महिनाभर खेळू द्या. मग शामा दारात आला की पोर आपणहून सांगेल, ‘हा तो नाही.’

आणि या घोटाळ्यात पोराचा गुन्हा काय? विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली इंग्लंडात पहिला छापखाना काढला. छापणाऱ्यांनी हळूहळू स्पेलिंगं पक्की केली, आणि लोकांनी पुढे उच्चार बदलत नेले. ‘नाइट’ म्हणजे सरदार, त्याच्या आरंभीचा ‘के’ एके काळी खरोखर उच्चारला जात असे. आता तो आवाज गेला, अक्षर राहिलं. निवृत्त साहेबाच्या नावाची पाटी केबिनवर राहते तसं. साहेबांच्या देशाने पाचशे वर्षांत केलेला पसारा आवरायला त्यांनी आमच्या दुसरीतल्या पोरांना का बसवावं?

आमच्या भाषेत काय कमी भानगडी आहेत? ‘गुरं चार’ आणि ‘चार गुरं’ यांत ‘चार’ एकसारखाच लिहितात, पण दोन्हीकडे ‘च’चा उच्चार वेगळा. ‘परवा’ म्हणजे होऊन गेलेला दिवस आणि यायचा दिवसही. ‘मामा परवा आला’ आणि ‘मामा परवा येईल’ यांत तीन वर्षांचं पोर कधी गोंधळत नाही. कुणी त्याला कागद दिला नव्हता. वाक्य ऐकून-ऐकूनच त्याला काळ कळला. बायकोने हाक मारली की मी खुर्चीतून न उठता ‘आलो, आलो’ म्हणतो. क्रियापद भूतकाळी, येणं भविष्यकाळी, मनुष्य वर्तमानकाळी पेपरात. तरी तिला नेमका अर्थ कळतो.

आमच्या गडचांदूरकडे तर गंमत आणखी आहे. इकडचं पोरगं ‘मी जेवतो आहे’ म्हणत नाही. ‘मी जेवून राहिलो’ म्हणतं. म्हणजे ‘आय अ‍ॅम ईटिंग.’ ‘मी जेवून राहिलो होतो’ म्हणजे ‘आय वॉज ईटिंग.’ चालू काळ पोराच्या तोंडात आयता तयार आहे! एक बोट ‘राहिलो’वर, दुसरं ‘अ‍ॅम’वर ठेवलं की धडा संपला. पण होतं काय? मराठीच्या तासाला बाई सांगतात, ‘राहिलो नको म्हणू, अशुद्ध आहे.’ आणि पुढच्या तासाला दुसऱ्या बाई तोच काळ इंग्रजीच्या तक्त्यातून घोकायला लावतात. पोराच्या खिशातली नोट काढून घ्यायची आणि त्यालाच कर्जाचा फॉर्म द्यायचा.

हे सारं विनोदावारी नेता आलं असतं. पण वर जिवतीच्या डोंगरात घरी कोलामी किंवा गोंडी बोलणारी पोरं आहेत. सीमा जवळ, म्हणून कानावर तेलुगू. बाजारात आणि सिमेंट कारखान्यांच्या फाटकावर हिंदी. शाळेत मराठी. सात वर्षांच्या वयात तीन-चार भाषांतून वाट काढणाऱ्या पोराला तुमचा-आमचा सलाम हवा. त्याला मिळते लाल फुली, कारण ‘देअर’ चुकला. काही वर्षांनी ते पोर माझ्या काउंटरवर येतं. मिसरूड फुटलेलं, दहावी झालेलं. पैसे भरायची स्लिप पुढे सरकवून म्हणतं, ‘साहेब, तुमीच भरून द्या ना जी.’ स्लिपवर मराठीही छापलेली असते. त्याला अक्षर येत नाही असं नाही. त्याला फुलीचं भय वाटतं.

कुणी म्हणेल, ‘म्हणजे पोरांना मागे ठेवायचं का?’ उलट! इंग्रजी जास्त द्या. गोष्टी ऐकवा, गाणी म्हणा, ‘दार लाव’, ‘पाणी आण’ हे इंग्रजीत बोला. शिक्षकांचं इंग्रजी बेताचं असेल तर तेही मुलांबरोबर शिकतील. पोर ‘आय वेंट’ऐवजी ‘आय गोड’ म्हणालं तर म्हणू द्या. इंग्रजांची पोरंही लहानपणी असंच म्हणतात. भूतकाळाला शेवटी ‘ड’ लागतो हा नियम कळल्याची ती पावती आहे; आणि ऐकायला तर गोडच लागतं. तक्ते आणि जुळे शब्द पाचवी-सहावीला काढा, तोवर कान तयार झालेला असेल.

माझ्या धंद्यात ‘प्रिन्सिपल’ म्हणजे मुद्दल. त्याच स्पेलिंगाने तो मुख्याध्यापकही होतो आणि शेवटची दोन अक्षरं बदलली की तत्त्व. तेव्हा तमाम प्रिन्सिपलांना एका बी.कॉम. कारकुनाचं तत्त्व सांगतो : पोराने ऐकलेली, बोललेली भाषा हे मुद्दल आणि व्याकरण हे व्याज. मुद्दल न देताच व्याज वसूल करत हिंडणाऱ्याला आमच्याकडे शिक्षक म्हणत नाहीत, सावकार म्हणतात.